चुंबकाची कडी

भोवऱ्याला लोक भोवरा का म्हणतात, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने त्याच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहावं. माणूस एका हाताने स्पीकरचा फाटका कागद सोलतोय, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावतोय, पायाच्या अंगठ्याने पंख्याचं बटण दाबतोय, आणि वर गिऱ्हाइकाला "बसा ना, बसा" म्हणतोय. बसायला दुकानात स्टूल एकच, आणि त्यावर गोंदाचे डबे. तो स्वतः त्या स्टुलावर शेवटचा कधी टेकला होता हे त्याच्या बायकोलाही सांगता येणार नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा वर असतो. कुणीतरी हाक मारणार आणि हा ताटावरून पळणार, अशी कायमची तयारी.

धंदा स्पीकर दुरुस्तीचा. सभांचे, शाळांचे, लग्नाच्या हॉलचे, आतली कॉइल जळून गेलेले, उंदरांनी कागद खाल्लेले असे सगळे स्पीकर शेवटी त्याच्याकडे येतात. घड्याळाचा छोटा सेल तारांना लावायचा. स्पीकर "ठक्" म्हणाला तर जिवंत, नाही म्हणाला तर उघडायचा. जे जगत नाहीत त्यांचं चुंबक काढून घ्यायचं आणि बाकीचं भंगारात. ही चुंबकं म्हणजे भोवऱ्याची खरी कमाई. काळ्या, जड, मध्ये भोक असलेल्या चकत्या. घरात चुंबक नाही अशी जागा उरली नव्हती. सुऱ्या भिंतीला चिकटलेल्या, कपाटाचं दार चुंबकाने मिटणारं, शिवणाच्या सुया चुंबकावर उभ्या. बायकोच्या आईने दिलेलं चावीचं घड्याळ एकदा रात्रभर त्या सुयांशेजारी राहिलं आणि तेव्हापासून दिवसाला वीस मिनिटं पुढे धावायला लागलं. "तुमची संगत लागली त्याला," बायको म्हणाली.

गच्चीवर कबुतरं. थोडीच, पण जीव की प्राण. आणि त्यांतही एक नर, निळसर करडा, मानेवर हिरवी झाक असलेला. त्याला सगळे निळ्या म्हणत. निळ्याची जोडीदारीण पांढरी. पांढरीने दोन अंडी घातली होती आणि ती आता फुटायला आली होती.

भोवऱ्याने मोठी चूक केली ती इथेच. म्हणजे करायला लावली त्याच्या मेव्हण्याने, पण केली यानेच.

मेव्हणा टेम्पो चालवतो. पहाटे भाजीचे क्रेट भरून लांबच्या बाजारात नेतो, संध्याकाळपर्यंत परततो. बोलायला तिखट. "दाजी, तुमचं कबुतर गल्लीतलं आहे," तो महिनाभर म्हणत होता. "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतं आणि तुम्ही टाळ्या पिटता. माझ्याबरोबर बाजारापर्यंत द्या पाठवून. टेम्पोतून गेलं तर टेम्पोतूनच परत येईल, बघा."

"निळ्या? तुझ्या टेम्पोच्या आधी घरी असेल तो."

"मग द्या की!"

आता कबुतरं पाळणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. ज्या नराची अंडी फुटायला आली आहेत त्यालाच लांब सोडायचा. जोडीने आळीपाळीने अंडी उबवायची असतात. रात्रभर मादी बसते, दिवसा नर. आपली पाळी चुकतेय या घोराने नर वाऱ्यासारखा घरी येतो. भोवऱ्याने हीच युक्ती लढवली. बायकोने ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"ऐन बाळंतपणाला नवऱ्याला बाहेरगावी पाठवताय?"

"अगं, म्हणूनच तर तो लवकर येतो."

"असं का?" बायको म्हणाली. "तुम्ही नव्हतात आलात."

भोवरा यावर घाईघाईने गच्चीवर गेला. त्याला एकदम काहीतरी काम आठवलं होतं.

निळ्याला न्यायला पेटी हवी. दुसऱ्या कुणी वेताची करंडी आणली असती. पण हा स्पीकरवाला! त्याने एका जुन्या स्पीकरचा लाकडी खोका घेतला, पुढच्या जाळीच्या कापडातून हवा येईल अशी सोय केली, आत भुसा पसरला, आणि दाराला कडी म्हणून समोरासमोर दोन चकत्या बसवल्या. दार लोटलं की "टप्". खिळा नाही, आवाज नाही, पाखराला इजा नाही. खुशीत येऊन त्याने ते दार इतक्या वेळा उघडून मिटलं की आत बसलेला निळ्यासुद्धा वैतागला असेल.

"दाजी, यात कबुतर आहे की गाणं?" पहाटे खोका टेम्पोत ठेवताना मेव्हणा म्हणाला.

सकाळ स्वच्छ होती. भोवऱ्याने दुकान उघडलं, दोन स्पीकर उघडले, तिसऱ्याला गोंद लावला आणि गोंद वाळेपर्यंत तीनदा गच्चीवर जाऊन आला. इतक्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आपल्या हॉलचा स्पीकर न्यायला आल्या. बाई बोलक्या. गोंदाचे डबे स्वतःच उचलून खाली ठेवले आणि स्टुलावर बसल्या. भिंतीवरच्या चुंबकांच्या माळा बघून म्हणाल्या, "एवढी चुंबकं खाली, आणि वर कबुतरं?"

"का? कबुतरं काय लोखंडाची आहेत, चिकटायला?"

"तसं नाही हो. पृथ्वीचंही एक चुंबकपण असतं ना, होकायंत्राची सुई फिरवणारं? फार क्षीण असतं ते. तुमच्या या चकतीपुढे कुठेच नाही. पण काही जिवांना तेवढंही जाणवतं असं दिसतं. कबुतर त्यांतलंच एक. ऊन असलं की ते सूर्यावरून दिशा धरतं. ढग आले की मग त्या क्षीण चुंबकाचा आधार घेत असावं. मागे लोकांनी कबुतरांवर बारीक चुंबकं चिकटवून ढगाळ दिवशी सोडली होती. बरीच भरकटली."

भोवऱ्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "चिकटवून म्हणजे... अंगाला?"

"हो. काहींनी तर फक्त वाटेत नेताना आजूबाजूचं चुंबकक्षेत्र बिघडवलं. तरी सुटल्यावर सुरुवातीची दिशा चुकली म्हणे. पण पुढे दुसऱ्यांनी तेच करून पाहिलं, तर काही फरक पडला नाही. अजून त्यावर वाद चालू आहे. नक्की कुणालाच—"

हे शेवटचं भोवऱ्याने ऐकलंच नाही. बाईंनी अर्धं सांगितलं ते त्याने पूर्ण घेतलं आणि उरलेलं अर्धं त्यांच्याकडेच ठेवलं. तो दुकानाच्या पायरीवर आला आणि वर बघितलं. कधी नव्हे ते आभाळ मळून गेलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी, सूर्य कुठे आहे हे शोधूनही सापडू नये असं.

त्याने मेव्हण्याला फोन लावला.

"सोडलास?"

"केव्हाच! तासाच्या वर झालं. अजून आला नाही? मग मी म्हणत होतो ना—"

"तिकडे ढग होते?"

"होते की. का?"

"सोडल्यावर कुठल्या बाजूला गेला?"

"वर."

"अरे, वर तर सगळेच जातात! वर जाऊन कुठे?"

"दाजी, मी कांद्याच्या क्रेटखाली होतो. दोन गिरक्या मारल्या आणि गेला. तिकिटावर गाव नव्हतं लिहिलं त्याच्या."

"खोका कुठे होता वाटेत?"

"माझ्या शेजारी, सीटवर. दार उघडू नये म्हणून तुमची ती चकतीवाली बाजू मी माझ्याकडे धरून बसलो होतो. कबुतर आतून दाराशी टेकून बसलं होतं, गप."

डोकं चकत्यांना लावून! भोवऱ्याने फोन ठेवला आणि बाईंना स्पीकरऐवजी त्यांचीच छत्री हातात दिली. बाईंनी ती घेतली, स्पीकर स्वतःच उचलला, आणि "येईल हो तो," असं म्हणून गेल्या. जाता जाता आपला नंबर मात्र ठेवून गेल्या. "आला की मला कळवा हं. कुठल्या बाजूने आला तेही बघून ठेवा."

यानंतर भोवऱ्याने जे केलं ते त्याने स्वतःही पुन्हा कुणाला धड सांगितलेलं नाही. कबुतरांच्या खुराड्याखाली गच्चीवर त्याने चुंबकांची पोती भरून ठेवली होती. त्याला वाटलं, निळ्या समजा वाट शोधत शोधत जवळ आलाच, तर या पोत्यांमुळे ऐन घरावर येऊन पुन्हा गोंधळेल. म्हणून तो पोती खाली आणू लागला. एक पोतं जिन्याच्या लोखंडी कठड्याला चिकटलं. ते सोडवताना दुसरं फाटलं. चकत्या घरंगळत पायऱ्या उतरल्या आणि शेजाऱ्याच्या सायकलला जाऊन चिकटल्या. शेजारी सायकल न्यायला आला तेव्हा भोवरा चाकाशी झटापट करत होता.

"कबुतर आलं नाही म्हणून तुम्ही भंगार का नाचवताय?" बायको जिन्यातून म्हणाली.

"तुला नाही कळायचं. दिशा लागत नाही त्याला!"

"दिशा तुम्हाला तरी कुठे लागतेय? वर या. पांढरी उठलीय."

हे ऐकून मात्र तो चाक सोडून वर धावला.

पांढरी आपली पाळी संपली तरी बिचारी बसून राहिली होती. रात्रभर बसलेली, उपाशी. शेवटी उठली, चार दाणे खाल्ले, पाणी प्यायली आणि थेट गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसली, मान उंच करून. तिला आत न्यायला भोवरा गेला तर तिने पंखाचा असा फटका दिला की त्याच्या बोटाला झिणझिण्या आल्या. आत मातीच्या पसरट भांड्यात दोन अंडी उघडी पडलेली. एकाला टोकाशी बारीक चीर गेली होती. कान लावला तर आतून टिचटिच ऐकू येत होती. पिल्लू बाहेर यायला बघत होतं आणि बाहेर त्याला ऊब द्यायला कुणी नव्हतं.

"बल्ब लावतो," भोवरा पळत सुटला. पळत आला. बल्ब लावला, हात धरून बघितला. घरातले सगळे बल्ब त्यानेच मागच्या वर्षी बदलले होते, वीज वाचवणारे, थंडगार. उजेड लख्ख, ऊब शून्य. मग त्याला तारा झाळायची तापती सळई आठवली.

"अंडं उकडायचंय का तुम्हाला?" बायकोने त्याच्या हातातून सळई काढून घेतली. त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "शर्ट वर करा."

"काय?"

"एवढं पोट वाढवलंय ते काय शोभेला? वर करा म्हणते ना!"

तिने जुना लोकरीचा मफलर आणला, पोटाभोवती गुंडाळला, दोन्ही अंडी त्याच्या घडीत हलक्या हाताने ठेवली, वरून बनियन खाली ओढली आणि दुकानातलं ते स्टूल आणून खुराड्यासमोर मांडलं.

"बसा."

"दुकान?"

"मी बघते. सेल लावायचा आणि ठक् म्हणालं की जिवंत, नाही म्हणालं की मेलं. इतकी वर्षं ऐकतेय, तेवढं कळतं मला."

असा तो बसला. ज्याला कुणी बसलेला बघितला नव्हता तो माणूस भर दिवसा गच्चीत, गुडघे जुळवून, श्वाससुद्धा मोजका घेत बसला. बसला म्हणजे ढुंगण टेकलं इतकंच. डोळे सारखे पाण्याच्या टाकीच्या बाजूला. बाजार त्या दिशेला, येईल तर निळ्या तिकडूनच. पाय हलायला लागले की तो स्वतःच्याच मांडीवर हात दाबून धरायचा. खाज सुटली ती नेमकी पाठीला. शिंक आली ती त्याने नाक दाबून अशी परतवली की डोळ्यांत पाणी आलं. लांब एक काळा ठिपका दिसला की तो अर्धा उठायचा, पोटाशी काहीतरी सरकायचं, की पुन्हा खाली. ठिपका कावळा निघायचा. भोवऱ्याने आयुष्यात कावळ्यांना इतक्या शिव्या दिल्या नव्हत्या.

आणि डोक्यात एकच घोळ. निळ्या कुठे असेल? कुठल्या तरी अनोळखी तारेवर बसून मान इकडे तिकडे करत असेल. आत कुठेतरी एक बारीकशी सुई असते, तिला घर ओढत असतं, आणि आपण त्या सुईला दोन तास आपल्या चकतीसमोर बसवलं. का, तर "टप्" असा आवाज छान येतो म्हणून!

दुपारी बायको ताट घेऊन वर आली. त्याला हलता येत नव्हतं म्हणून तिनेच समोर बसून घास पुढे केले.

"गेला का गं तो?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. आणि मग घास मोडता मोडता, "मुलगी झाली तेव्हा मी याच गच्चीवरून रस्ता बघत होते. कळा सुरू झाल्या होत्या. तुम्ही 'आलोच' म्हणून गेलात. कुणाच्या सभेचा स्पीकर लावायला."

"अगं, तिथे ऐनवेळी ॲम्प्लिफायर—"

"माहितीये. जळला. सतरा वेळा सांगून झालंय. मी ॲम्प्लिफायरचं विचारलंय का? मी सांगतेय, मी रस्ता बघत होते." तिने शेवटचा घास त्याच्या तोंडात जवळजवळ कोंबला. "बघा आता तुम्हीही. बरं असतं अधूनमधून."

एरवी अशा वेळी भोवरा उठून कुठेतरी गेला असता; दुकानात, रस्त्यावर, कुणाच्या तरी बिघडलेल्या स्पीकरकडे. आज पोटाला अंडी बांधलेली. तो घास गिळून तिच्याकडे बघत राहिला. तीही लगेच उठली नाही. ताट बाजूला सारून पाण्याच्या टाकीकडे बघत बसली.

"मला वाटायचं," तो शेवटी म्हणाला, "तुला सवय झालीय."

"सवय होते होय याची?" ती म्हणाली आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेली.

दुपार कलली. ढग हलायला तयार नव्हते. मफलरातली एका अंड्याची टिचटिच आधी जोरात होती, मग मंद झाली, मग बराच वेळ थांबली. भोवरा पोटावर तळहात ठेवून वाट बघायचा. पुन्हा एकदा अगदी बारीक, टिच्. पांढरी कठड्यावरून खाली आली, रिकाम्या भांड्याशी गेली, त्यात गोल फिरली आणि पुन्हा कठड्यावर. तिलाही एका जागी चैन नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भोवऱ्याने तिच्याकडे बघून मान खाली घातली. तिचा नवरा त्यानेच घालवला होता.

संध्याकाळ होत आली तशी बायको वाळलेले कपडे काढायला वर आली. तो टाकीच्या दिशेला टक लावून होता, ती दोरीवरच्या चादरीशी झटत होती, आणि मागे एकदम पंखांची फडफड झाली. खुराड्यापुढची फळी वाजली. वळून बघेपर्यंत निळ्या फळीवर होता.

शेपटीची दोन पिसं गायब. चोच उघडी, छाती धापा टाकत असलेली. पंख एका बाजूला किंचित ओघळलेला. पण निळ्याच. तो क्षणभर थांबला, पाणीसुद्धा प्यायला नाही, तरातरा चालत आत गेला आणि रिकाम्या भांड्यासमोर उभा राहून घुमायला लागला.

"अहो, अंडी!" बायको ओरडली. "अंडी द्या त्याला आधी!"

भोवरा उठला. पाय इतके आखडले होते की बायकोला त्याच्या काखेत हात घालावा लागला. तिनेच मफलर सोडला, तिनेच अंडी भांड्यात ठेवली. निळ्याने तिच्या हाताला एक टोच मारली, ती सवयीची, मग एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेतलं, अंग हलवून हलवून बैठक जमवली आणि डोळे अर्धे मिटले. पांढरी कठड्यावरून उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याच्या मानेची पिसं विंचरू लागली.

भोवरा आभाळाकडे बघू लागला. "कुठून आला गं? कुठल्या बाजूने?"

"मी चादर काढत होते. तुम्ही बघत होतात ना?"

"मी टाकीकडे बघत होतो. तिकडून नाही आला."

"मग दुसरीकडून आला असेल."

"दुसरीकडून म्हणजे कुठून? उलट्या दिशेने आला असेल तर म्हणजे सुरुवातीलाच चुकला. बाजूने आला असेल तर मग ससाणा मागे लागला असेल. पिसं बघ ना—"

"आला," बायको म्हणाली. "मला एवढंच दिसलं."

त्याने बाईंना फोन लावला. "बाई, आला निळ्या!"

"अरे वा! कुठल्या बाजूने?"

"ते... ते नाही बघितलं."

"अरेरे," बाई मनापासून म्हणाल्या. "तेच महत्त्वाचं होतं."

"महत्त्वाचं काय होतं ते इथे मफलरात होतं, बाई," भोवरा म्हणाला. त्याला रागावायचं नव्हतं, पण आवाज चढलाच. बाई म्हणाल्या, "खरं आहे. आणि तसंही एका कबुतरावरून काही कळलं नसतं हो. पुष्कळ लागतात. अर्ध्यांना चुंबक, अर्ध्यांना तेवढ्याच वजनाचं पितळ. आणि ढगाळ दिवस, एक सोडून अनेक."

मेव्हणा टेम्पो उभा करून वर आला तो हातात खोका घेऊनच. खजील होता, आणि खजील झाला की तो जास्त बोलतो. "दाजी, टेम्पोच्या आधी आला हां! थोडक्यात, पण आधी. असं करू, पुढच्या ढगाळ दिवशी परत नेतो. वेताच्या करंडीतून नेऊ एकदा, एकदा या खोक्यातून. पहाटेपासून मी कांद्याला हातही लावत नाही, डोळ्यांत तेल घालून बघतो कुठे वळतो ते. एकदाचा निकाल लागेल. चुंबकाने झालं की कशाने."

भोवऱ्याला हे हवं होतं. इतकं हवं होतं की त्याचे पाय पुन्हा हलायला लागले. कारण कळलं नाही तर झोप लागायची नाही, असला स्वभाव. बिघाड कुठे आहे हे सापडेपर्यंत त्याने कधी स्पीकर बंद करून ठेवला नव्हता. तो खुराड्यात डोकावला. निळ्या धाप टाकत होता आणि तरी अंड्यांवरून हलत नव्हता.

"नको," तो म्हणाला.

"अहो, फक्त दोनदा—"

"नको म्हटलं ना. नाही कळलं तर नाही कळलं."

मेव्हण्याने ताईकडे बघितलं. ताईने खांदे उडवले, पण चादरीची घडी घालताना ती हसत होती. मेव्हणा चहा प्यायला खाली गेला.

उजेड कमी झाला तरी भोवरा खाली उतरला नाही. खुराड्यासमोर दोन मिनिटं उभा राहायचा, कठड्यापर्यंत जायचा, यायचा. आत हात घालून बघावंसं वाटत होतं, आणि घालायची हिंमत नव्हती. तासाभरापासून टिचटिच ऐकू आली नव्हती. मफलरात असतानाच ती थांबली की काय, आणि आपल्या पोटाची ऊब कमी पडली की काय, हे त्याला कुणी सांगणार नव्हतं.

मग निळ्या किंचित उठला. पोटाखालून काहीतरी चोचीत धरलं, मान झटकली आणि ते भांड्याबाहेर टाकून पुन्हा बसला. भोवऱ्याने वाकून ते उचललं. अंड्याच्या कवचाची अर्धी वाटी होती. कड सगळीकडून सारखी, कातरल्यासारखी, आतून कोरडी. पिल्लू आत मेलं की कवच असं निघत नाही.

दुसऱ्या अंड्याचं अजून काही सांगता येत नव्हतं. त्याने ती वाटी तळहातावर धरली आणि जिन्यातून हाक मारली, "अगं, वर ये जरा!" आणि मग, तिची पावलं वाजायच्या आधीच, तोच तीन तीन पायऱ्या सोडत खाली निघाला.